चार पुड्या नीळ

भाकरीनानांच्या पिशवीत कायम पाच भाकरी असत आणि त्यांतली एकही खाण्याजोगी नसे. एक लाल, एक काळी, एक पिवळी आणि दोन हिरव्या. सिमेंटमध्ये रंगाची पूड कालवून नाना त्या स्वतःच्या हातांनी थापत, सावलीत वाळवत आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरत. नशिराबादहून जळगावला एसटीने येताना ती पिशवी मांडीवर असे. एकदा गुंडाळी सुटली तेव्हा शेजारच्या बाईने डोकावून विचारलं, "काय वो नाना, भाकर इतली काळी कशी व्हयनी?" नाना चेहरा न हलवता म्हणाले, "चुल्हा नवा शे, बाई." त्या माउलीने उतरायच्या आत आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. नानांनी तो खाल्ला आणि वर हा किस्सा मला सांगून म्हणाले, "ठेचा चांगला व्हता."

नाना कोबा करत. आज घरोघरी आरशासारख्या फरश्या आल्या आहेत, पण मी सांगतोय ते ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा साध्या घरात सिमेंटचा राखी कोबा असे आणि ज्याला जरा हौस असे तो वरच्या थरात रंग घालून घेई. भिंतीचा रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो. जमिनीचा एकदा घोटला की त्याच्यावरच मुलं रांगायची, त्याच्यावरच लग्नाच्या पंगती उठायच्या. त्यामुळे रंग निवडणं ही घरातली मोठी गोष्ट असे आणि त्या बाबतीत जळगावपासून धुळ्यापर्यंत नानांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

"कोणता रंग हवा?" असं ते कधीच विचारत नसत. त्यांचे प्रश्न वेगळेच. घरात झाडू कोण मारतं? म्हातारं माणूस कोणत्या दाराशी बसतं? गाय आहे का? असली तर तिचं शेण तुडवून घरात येणारा कोण? एवढं विचारून झालं की दोन भाकरी काढत, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि एक मधल्या खोलीत ठेवत आणि सांगत, "आठ दिन हिन्यावर चाला, सांडा, घासा. मंग मी येस." आठ दिवसांनी येऊन भाकरीवर पडलेली हळद, तेल, चिखलाचे पाय सगळं निरखत. रंग मग ठरे.

धुळ्याच्या एका कापडवाल्या शेठजींना दुकानात लालभडक जमीन हवी होती. नानांनी लाल भाकरी गादीपुढे ठेवली आणि शेठजींना तिच्यावर एक लाल लुगडं उलगडायला लावलं. लुगडं दिसेनासंच झालं. "शेठ, जमीन लाल करशात ते लाल लुगडं खपाव नही." शेठजी चिडले. "नाना, दुकान तुमचं की माझं?" नाना म्हणाले, "दुकान तुम्हनं शे. रंग मना शे." शेवटी जमीन पिवळी झाली आणि शेठजी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आपलीच कल्पना असल्याचं सांगत. पाचोऱ्याच्या एका शिंप्याला त्यांनी काळी जमीन दिली, का तर पडलेली सुई चमकावी. एका घरी सासू-सुनेचं लाल-हिरव्यावरून महिनाभर पटेना, तेव्हा नानांनी दोन्ही भाकरी ओटीवर ठेवल्या आणि सांगितलं की भर दुपारी घरातली मांजर ज्या भाकरीवर बसेल तो रंग. जळगावच्या उन्हाळ्यात मांजरीइतकं गारव्याचं ज्ञान कुणाला असणार? मांजर हिरवीवर बसली. सासूने वर्षभर त्या मांजरीला दूध दिलं नाही.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. मी जळगावच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. रंगचक्र, मूळ रंग, दुय्यम रंग, विरोधी रंग हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर शिकवत होतो, आणि रंगातलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. सत्त्याऐंशीच्या सुमारास मी गावाबाहेरच्या प्लॉटवर तीन खोल्यांचं घर बांधलं. बाकीच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावर मधल्या खोलीच्या कोब्यासाठी नानांना बोलावलं तेव्हा चहा होईपर्यंत मी त्यांना रंगचक्र समजावून सांगितलं. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "मास्तर, तुम्हना रंग कागदवर ऱ्हातस. कागदवर कोणी चालत नही."

मला मोरपंखी हवा होता. निळ्याकडे झुकणारा हिरवा. नानांनी माझ्यासमोर पाच छटांच्या लहान भाकरी थापल्या. तिसरी ओली असताना अशी काही झळकली की मी ओरडलोच, "हाच! नाना, हाच!" नाना म्हणाले, "ओला शेतस तवलोंग बठ्ठा रंग साजरा दिखतस. वाळू द्या." भाकरी वाळली आणि वाळलेल्या मेथीसारखी दिसायला लागली. मी हट्टाला पेटलो. मला ओल्यातला रंग वाळल्यावर हवा होता. थोडा निळा घाला म्हणालो. नानांनी मान हलवली. "निळा सिमेंटमा टिकत नही. चुना त्याले खाई टाकस. आनि ओला रंगच पाहिजे व्हई ते रोज घरमा पाणी ओतनं पडी." आमची सौ. स्वयंपाकघरातून हसली. मला ते हसू फार लागलं.

नानांची एक पद्धत होती. खोलीला लागणारी सगळी सिमेंट-रंगाची पूड ते एकदमच कोरडी कालवत, तीनदा चाळत आणि एका लाकडी पेटीत भरून वर कोरडं पोतं टाकत. पूड एकाच दमात केली की खोलीचा या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग एकच येतो. मग पेटीत काही घालायचं नाही आणि पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही खोलीत दोन रंग निघाले नव्हते, आणि ही गोष्ट सांगताना ते टोपी सारखी करत. ती त्यांची एकमेव बढाई.

कामाच्या दिवशी दुपारपर्यंत अर्धी खोली झाली. नाना आणि घमेलं उचलणारी बाई जेवायला निंबाखाली गेले. मी घरात एकटाच होतो, सौ. शेजारी गेली होती. न्हाणीघराच्या फळीवर नीळ होती. तीच, पांढऱ्या कपड्यांना देतात ती. चार पुड्या. मी चारही पेटीत रिकाम्या केल्या, काठीने खालवर केल्या, पोतं होतं तसं टाकलं आणि शहाण्यासारखा ओसरीवर येऊन वर्तमानपत्र वाचत बसलो. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

जेवून आल्यावर नानांनी पेटीतली चिमूट उचलली. कोबा लवकर सुकू नये म्हणून खिडक्यांना पोती लावलेली, खोलीत अंधुक उजेड. चिमूट बोटांवर चोळत ते म्हणाले, "मास्तर, काही येगळं वाटस." मी म्हणालो, "उजेड बदलला नाना. दुपारनंतरच्या उन्हात हिरवा असाच दिसतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि कामाला लागले. हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. रंगाच्या बाबतीत त्या माणसाने आयुष्यात एकदाच दुसऱ्याचं ऐकलं आणि तो दुसरा मी निघालो.

सौ.ने दुसऱ्या दिवशी विचारलं, "नीळ कुठे गेली?" मी म्हणालो, "मुंग्यांनी नेली असेल." तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा निळ्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरात नीळ आली नाही. माझे पांढरे शर्ट हळूहळू पिवळे पडत गेले, आणि शाळेतली पोरं पाठीमागे मला "हळद्या मास्तर" म्हणायला लागली. शर्ट पिवळे का, ते त्यांना कधी कळलं नाही.

पहिले पंधरा दिवस कोबा ओला होता, त्यावर रोज पाणी मारणं चालू होतं, आणि खोलीचा उजव्या हाताचा भाग खरोखर मोरपंखी दिसत होता. मी खुशीत होतो. मग पाणी बंद झालं. महिनाभरात डावी बाजू नानांनी सांगितली होती तशी शांत हिरवी झाली आणि उजवी बाजू पांढुरकी, डागाडागांची. गजकर्ण झाल्यासारखी. मी तिच्यावर सतरंजी अंथरली आणि कुणाला उचलू दिली नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वास्तुशांत होती. शाळेतले सहकारी, शेजारी, धुळ्याहून सौ.चं माहेर, मिळून चाळीसेक माणसं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. घर बांधणाऱ्यांना मान म्हणून नानांसाठी नवी टोपी आणि नारळ ताटात काढून ठेवला होता. नाना नवं धोतर नेसून आले होते. पहिली पंगत बसायची वेळ झाली तेव्हा धुळ्याच्या मेव्हण्याने, मला न विचारता, हौसेने सतरंजी गुंडाळली.

दुरंगी जमीन सगळ्यांसमोर उघडी पडली. मग मेव्हणाच म्हणाला, "भाऊजी, मधे बांध घालायचा राहिला. एका बाजूला पाणी मिळालेली केळी आणि एका बाजूला कोरडवाहू." सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले. नाना हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले, तांब्यातलं पाणी उजव्या बाजूवर शिंपडलं, तळव्याने पुसलं, वाळेपर्यंत थांबले. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "मास्तर, पेटीले कोन्ही हात लायेल व्हता का?"

चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "नाही, नाना." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी पुढे म्हणालो, "वय होतं माणसाचं. नजर पहिल्यासारखी राहत नाही."

"मंग मना डोया गयात," नाना म्हणाले. त्यांनी उजव्या बाजूचा, उंबऱ्याजवळचा नखाएवढा टवका पिशवीतल्या थापीच्या टोकाने उचकटला आणि रुमालाच्या गाठीत बांधला. ताटातली टोपी त्यांना दिली तेव्हा त्यांनी ती परत ताटात ठेवली. नारळ घेतला नाही. जेवले मात्र, अन्नाला नाही म्हणत नसत.

ही गोष्ट एसटीपेक्षा वेगाने नशिराबादला पोचली. नाना धुळ्याला डोळ्यांच्या शिबिरात गेले. तिथल्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. नानांना अक्षरं येत नव्हती. ते म्हणाले, "अक्षर माहीत नही, पन हाई काळं खरं काळं नही शे. जांभळाकडे जास." डॉक्टरांनी जवळ जाऊन पाहिलं म्हणे, आणि तक्ता खरंच जांभळट होता. "आजोबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले. कुणालाही आनंद झाला असता. नाना जास्तच खचले. डोळे बरोबर असतील तर मग हातच गेला, असा त्यांनी हिशेब लावला. गिऱ्हाइकांसाठी रंगाच्या भाकरी बंद झाल्या. त्यानंतर ते फक्त राखी काम करत. गोठे, पाण्याच्या टाक्या, धुण्याचे दगड.

मी सहा वर्षं गप्प राहिलो. गप्प राहणं सोपं नव्हतं, कारण रोज सकाळी पिवळा शर्ट घालावा लागे. शेवटी एका रविवारी सौ. म्हणाली, "तुम्ही नशिराबादला जाणार की मी जाऊ?"

नाना अंगणात खाटेवर बसले होते. भिंतीच्या कडेला लहान लहान भाकरींची रांग. मी मोजल्या, अकरा. प्रत्येक पांढुरकी हिरवी, पण प्रत्येक वेगळी. नानांनी स्वतःच सांगितलं. सहा वर्षं ते तो माझ्या घरचा टवका समोर ठेवून चूक शोधत होते. हिच्यात राख जास्त, हिच्यात चुना, हिच्यात खारं पाणी, हिच्यात शिळं सिमेंट. एकही टवक्याशी जुळत नव्हती. "मनी चूक काय व्हती, इतलंच कळू दे," ते म्हणाले.

मी सांगितलं.

नानांनी एकच विचारलं, आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. "कितल्या पुड्या टाक्यात तू?"

"चार."

मला वाटलं आता थापी डोक्यात बसते. नाना उठले, सुनेला दुकानातून नीळ आणायला धाडलं आणि अंगणातच घमेल्यात पूड कालवायला बसले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. वाळलेल्या भाकरीवर होता. भाकरी थापली, ती मोरपंखी झळकली, आणि आम्ही दोघांनी एकदम मान फिरवली. "आठ दिन पाणी, मंग वाळू दे. म्हैनाभरमा ये," ते म्हणाले.

तो महिना मी कसा काढला ते सांगत नाही. गेलो तेव्हा भाकरी पांढुरकी पडली होती. नानांनी रुमालाची गाठ सोडून टवका तिच्यावर ठेवला. तो कुठे संपतो आणि भाकरी कुठे सुरू होते ते दिसेना. नाना हसायला लागले. इतके हसले की सून पाणी घेऊन धावत आली. "मना डोया शाबूत शेतस! हातबी शाबूत शे! गाढवपना ते मास्तरना व्हता!" मी पण हसलो. मला वाटलं, सुटलो.

हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले. "तू मले सांगं, ते चांगलं करं. पन खोटं तू चाळीस मानसंसमोर बोलना. आते चाळीस मानसंसमोर खरं बोल." मी हो म्हणालो. त्याच वेळी मनापासून म्हणालो होतो.

वर्षभरात संधी चालून आली. शाळेत गॅदरिंगसाठी कायमचं स्टेज बांधायचं ठरलं. रंगीत कोबा करावा, भाकरीनानांना विचारावं, असं कुणीतरी सुचवलं. सभेत अध्यक्ष मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही रंगातले जाणकार. पण तुमची खोली त्यांनी दुरंगी केली होती ना?" टेबलाभोवती बसलेल्यांपैकी निम्मे माझ्याकडे वरण-बट्टी जेवून गेलेले. मेव्हण्याचा तो बांधाचा विनोद त्यातल्या एकाने पुन्हा सांगितला. सगळे हसले. तोंड उघडून मी म्हणालो, "हो."

एवढंच. हो. स्टेजला बाहेरून आणलेल्या फरश्या बसल्या. त्या काळात सगळीकडेच त्या बसायला लागल्या होत्या. नानांनी पुन्हा भाकरी करायला घेतल्या होत्या, पण त्या मागणारं कुणी उरलं नव्हतं. ते स्टेज मिळालं असतं तर हजार पोरं रोज त्यांच्या रंगासमोर बसली असती. त्या कामाची त्यांना आस होती, हे मला सुनेकडून नंतर कळलं.

बाजारात भेटले की नाना विचारत, "कितला ऱ्हायनात, मास्तर?"

"चाळीस, नाना."

"म्हंजे बठ्ठाच." आणि हसून पिशवी सावरत पुढे जात. कधीतरी रागावतील म्हणून मी वाट पाहिली. ते रागावले नाहीत. चार-पाच वर्षं हे चाललं, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला मी गेलो तेव्हा सुनेने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू माझ्या हातात ठेवली. "मास्तरांना द्या म्हणाले होते. आणि सांग म्हणाले, की चाळीस मोजून झाले की परत आणून द्या."

नीळ घातलेली भाकरी. टवका तिच्यावर तसाच ठेवलेला होता.

आता माझं वय ब्याऐंशी. वास्तुशांतीला आलेल्या त्या चाळिसांतले सहा-सात उरले असतील, त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही. मुलगा दर दिवाळीला म्हणतो, बाबा, ही जमीन झाकून वर नवीन फरशी टाकू. मी टाकू देत नाही. घरी कुणी आलं की मी त्याला दारात चप्पल काढायला लावतो, आधी डाव्या बाजूला उभं करतो आणि सांगतो, हे नानांचं काम. इतक्या वर्षांत ते जरासुद्धा विटलेलं नाही. मग उजव्या बाजूला नेतो. तिथे आजवर नुसता खाकरत होतो. हे लिहायला घेतल्यापासून म्हणायला लागलो आहे, हे माझं. गेल्या महिन्यात गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "काका, सही करा."

म्हणून ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट माझ्या तोंडून किंवा माझ्या मेव्हण्याच्या तोंडून ऐकली, आणि ज्यांनी त्यामुळे नानांना रंगाचं काम दिलं नाही, त्यांच्यासाठी हे छापायला देतो आहे. नानांची नजर गेली नव्हती, हात गेला नव्हता. पेटीत नीळ मी घातली. चार पुड्या.

हे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ती भाकरी ठेवली आहे. काल संध्याकाळी सगळं सौ.ला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मी विचारलं, "आता तरी नीळ आणायला हरकत नाही ना?"

तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग कागदांकडे.

"ओलं आहे अजून," ती म्हणाली. "वाळू दे."